पाहावीत, टिपावीत, खुडू नयेत : उत्तर युरोपातील रानऑर्किडे

ऑर्किड म्हटले की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर पुष्पगुच्छांच्या दुकानातील महागडे, कित्येक दिवस न कोमेजणारे फूल उभे राहते. कोकणात किंवा सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला आंब्या-फणसाच्या खोडावरून लोंबणारी सीतेची वेणी आठवते. ऑर्किड, म्हणजेच मराठीत जिला आमरी असेही म्हणतात ती वनस्पती, उष्ण आणि दमट प्रदेशातच वाढते अशी समजूत त्यामुळे रूढ झाली आहे. ती पूर्णपणे खरी नाही. या कुळात सुमारे २८,००० जाती असून त्यांपैकी काही वर्षातून कित्येक महिने बर्फाखाली राहणाऱ्या प्रदेशांतही सुखाने नांदतात. एकट्या स्वीडनमध्ये चाळीसहून अधिक जातींची ऑर्किडे आपोआप, कोणीही न लावता उगवतात. ती पाहण्यासाठी आणि त्यांची छायाचित्रे घेण्यासाठी मे ते जुलै या काळात युरोपभरातून निसर्गप्रेमी तेथे येतात.

या प्रवासाची हकीकत केवळ पर्यटनाच्या दृष्टीने मनोरंजक आहे असे नाही. एका दुर्मिळ रानफुलाचे अस्तित्व कशाकशावर अवलंबून असते, ते राखण्यात कायद्याचा वाटा किती, शेतकऱ्याचा किती आणि पाहुण्याचा किती, हे समजून घेण्यासही ती उपयोगी पडते.

खडकावरचे पुष्पवैभव

स्वीडनच्या आग्नेय किनाऱ्यालगत बाल्टिक समुद्रात ओलंड नावाचे लांबट, चिंचोळे बेट आहे. १९७२ साली खुला झालेला सुमारे सहा किलोमीटर लांबीचा पूल या बेटाला मुख्य भूमीवरील काल्मार शहराशी जोडतो. बेटाच्या दक्षिण भागात अडीचशे चौरस किलोमीटरहून मोठे असे चुनखडीच्या खडकाचे सपाट पठार पसरले आहे. खडकावर मातीचा थर इतका पातळ की काही ठिकाणी तो बोटभरही नाही. हिवाळ्यात येथे पाणी साचून गोठते, उन्हाळ्यात जमीन तापून कोरडी पडते. झाडांना मुळे रोवण्यास जागा नसल्याने क्षितिजापर्यंत केवळ गवत, खडक आणि जुनिपरची खुरटी झुडपे दिसतात.

अशा उजाड वाटणाऱ्या भूमीवर मे महिन्याच्या मध्यास रंगांची उधळण होते. त्यात सर्वप्रथम नजरेत भरते ते वीतभर उंचीचे एक ऑर्किड. एकाच कुरणात त्याची काही रोपे फिकट पिवळ्या फुलांची, तर काही तांबड्या-जांभळ्या फुलांची असतात. स्वीडिश लोक या जोडीला 'आदम आणि इव्ह' म्हणतात. त्याच सुमारास जांभळ्या तुऱ्यांचे 'संत पीटरच्या किल्ल्या' हे ऑर्किड फुलते. जून उजाडला की फिकट गुलाबी, शिरस्त्राण घातलेल्या शिपायासारखी दिसणारी फुले उमलू लागतात.

या बेटाचे वनस्पतिवैभव जगापुढे प्रथम मांडले ते वनस्पतींच्या द्विनाम पद्धतीचे जनक कार्ल लिनीअस यांनी. १७४१ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांनी ओलंड व शेजारच्या गोटलंड बेटाचा दौरा केला. हा दौरा सरकारी कामाचा होता. देशाच्या प्रतिनिधीसभेने त्यांना रंगासाठी आणि औषधासाठी उपयोगी पडणाऱ्या वनस्पती व उपयुक्त माती शोधण्यास पाठविले होते. त्या शोधाबरोबरच लिनीअस यांनी वाटेत दिसलेल्या वनस्पती, शेती, पोशाख व चालीरीती या साऱ्यांची बारकाईने नोंद केली. दक्षिण ओलंडच्या शेतीप्रधान भूदृश्याचा २००० साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला.

मध न देणारी फुले

ऑर्किडाचे छायाचित्र घेऊ इच्छिणाऱ्याने त्याच्या रचनेची थोडी माहिती करून घेणे इष्ट ठरते. या फुलाला तीन निदले व तीन पाकळ्या असतात. पाकळ्यांपैकी एक इतरांपेक्षा वेगळी, बहुधा मोठी व ठिपकेदार असते. तिला ओठ म्हणतात. कीटकाला उतरण्यासाठी जणू हा धक्काच बांधलेला असतो. परागकण सुटे नसून त्यांचे चिकट गोळे बनलेले असतात व ते भेट देणाऱ्या कीटकाच्या डोक्याला अगर सोंडेला चिकटतात. चार्ल्स डार्विन यांनी १८६२ साली ऑर्किडांच्या परागीभवनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो याच अद्भुत व्यवस्थेमुळे.

उत्तरेकडील कित्येक ऑर्किडे कीटकांना मध देतच नाहीत. 'आदम आणि इव्ह' हे त्याचे ठळक उदाहरण होय. हिवाळी झोपेतून नुकतीच जागी झालेली गुंजमाशी रंगाला भुलून त्यावर उतरते, हाती काही लागत नाही, आणि ती दुसऱ्या रंगाच्या फुलाकडे वळते. तेथेही तिची तीच गत होते. ज्या रंगाची फुले संख्येने कमी, त्यांना यामुळे तुलनेने अधिक भेटी मिळतात व दोन्ही रंग टिकून राहतात, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. माशीसारख्या दिसणाऱ्या आणखी एका ऑर्किडाची युक्ती याहूनही विलक्षण आहे. त्याच्या फुलाचा गंध एका जातीच्या गांधीलमाशीच्या मादीच्या गंधाशी मिळताजुळता असतो. नर त्या गंधाने फसून फुलावर बसतो आणि परागांचे गोळे घेऊन उडतो.

यातून निघणारा व्यावहारिक अर्थ असा की, ज्या परिसरातून तो विशिष्ट कीटक नाहीसा झाला, तेथे फुले कितीही डोलली तरी बी धरणे अवघड होते.

मातीखालचा भागीदार

दुसरा भागीदार याहून अदृश्य आहे. ऑर्किडाचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. एका फळात ते हजारोंनी असते. मात्र त्यात रोपाला पुरेल असा अन्नसाठा नसतो. ज्वारीचा दाणा पेरला की कोंब आपल्याच पिठावर जगतो. ऑर्किडाच्या बियांपाशी अशी शिदोरी नाही. मातीतील विशिष्ट बुरशीचे तंतू त्या बियांत शिरून अन्न पुरवतील तरच ते रुजते. हे रहस्य फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ साली उलगडले. रुजल्यानंतरही रोप दीर्घकाळ जमिनीखालीच वाढते आणि फूल येण्यास अनेक वर्षे लागतात.

रानातून उपटून आणून घरच्या बागेत लावलेले ऑर्किड बहुधा मरते, त्याचे एक प्रमुख कारण हेच होय. आणणारा केवळ कंद आणतो. माती, बुरशी आणि कीटक मागेच राहतात. गोटलंडच्या चुनखडीच्या जंगलांत आढळणाऱ्या 'पादुका ऑर्किडा'वर दुसऱ्या एका देशात काय वेळ आली, ते या संदर्भात पाहण्याजोगे आहे. पिवळ्या, फुगीर, चढावासारख्या ओठाचे हे फूल इंग्लंडच्या उत्तर भागातही पूर्वी मुबलक होते. त्याच्या देखणेपणामुळे लोकांनी ते बागेसाठी खणून नेले, संग्राहकांनी वाळवून ठेवले आणि बाजारातही ते विक्रीस येऊ लागले. १९१७ साली ते त्या देशातून नामशेष झाल्याचे मानण्यात आले. पुढे १९३० मध्ये यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात त्याचे एक, केवळ एक, रोप सापडले. ते ठिकाण कित्येक दशके गुप्त ठेवण्यात आले आणि फुलांच्या हंगामात तेथे रखवालदार बसविण्यात आले. १९८० च्या दशकात क्यू येथील वनस्पतिउद्यानाने प्रयोगशाळेत बियांपासून रोपे तयार करण्याचे काम हाती घेतले. ती जुन्या जागी लावण्यात आली आणि त्यांपैकी पहिले फूल २००० साली उमलले. एका पिढीने खुरप्याने जे क्षणात काढून नेले, ते परत आणण्यास पुढील पिढ्यांना शास्त्रज्ञ, पहारेकरी आणि अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

कुरणे राखली ती विळ्याने आणि गुरांनी

दुर्मिळ वनस्पतीचे रक्षण म्हणजे तिच्याभोवती कुंपण घालून माणसाला व गुराला दूर ठेवणे, अशी कल्पना सहज होते. उत्तरेचा अनुभव मात्र वेगळा आहे. ओलंडच्या पठारावर शतकानुशतके गुरे आणि मेंढ्या चरत आल्या आहेत. त्यांच्या चरण्यामुळे गवत खुजे राहते व बुटक्या ऑर्किडांना ऊन मिळते. विसाव्या शतकात शेतीची पद्धत बदलली, गुरे कमी झाली आणि जुनिपरची झुडपे पठारावर पसरू लागली. झुडपांची सावली वाढली तशी फुलांची जागा आक्रसू लागली. झुडपे तोडून गुरे पुन्हा पठारावर आणण्यात आली, तेव्हा ही घसरण थोपवता आली. स्वीडन १९९५ मध्ये युरोपीय संघात सामील झाल्यानंतर अशी चराऊ राने आणि गवताची कुरणे राखणाऱ्या शेतकऱ्यांना पर्यावरणविषयक अनुदान मिळू लागले.

गोटलंड बेटावर ही गोष्ट गावाच्या सामूहिक कामात दिसून येते. तेथे विरळ झाडीची जुनी गवती कुरणे आहेत. वसंतात गावकरी एकत्र येऊन पालापाचोळा व वाळक्या फांद्या गोळा करतात. फुले येऊन बी गळेपर्यंत, म्हणजे जुलैचा बराचसा काळ लोटेपर्यंत, गवताला हात लावला जात नाही. मग कापणी होते, गवत वाळवून उचलले जाते आणि नंतर काही काळ गुरे सोडली जातात. कापलेले गवत उचलून नेल्यामुळे जमीन फार सुपीक होत नाही. ऑर्किडांना नेमकी अशीच कसहीन जमीन मानवते. खत घातलेल्या कुरणात जोमदार गवत त्यांना झाकून टाकते.

याउलट उदाहरण मध्य स्वीडनमधील येम्टलंड प्रांतात आढळते. तेथे एक लहानसे, जवळजवळ काळपट लाल रंगाचे, व्हॅनिलासारख्या सुगंधाचे ऑर्किड आहे. या प्रांताने त्याला आपल्या प्रांतपुष्पाचा मान दिला आहे. दूरच्या कुरणांतून विळ्याने गवत कापून आणण्याची रीत जसजशी बंद पडत गेली, तसतसे हे फूलही दिसेनासे होत गेले. आज ते ज्या थोड्या जागी टिकून आहे, तेथे त्याच्यासाठी मुद्दाम गवताची कापणी करण्यात येते.

बर्फ वितळताच उमलणारे फूल

उत्तरेकडे जावे तसा हंगाम पुढे सरकतो. ओलंडमध्ये मेच्या मध्यास फुलणाऱ्या ऑर्किडांचा बहर ओसरतो, तेव्हा उत्तर स्वीडन व फिनलंडच्या सूचिपर्णी अरण्यात बर्फ नुकताच वितळलेला असतो. जुन्या, दमट, शेवाळाच्या गादीने झाकलेल्या स्प्रूसच्या जंगलात त्या वेळी कॅलिप्सो नावाचे ऑर्किड डोके वर काढते. एक पान, वीतभर दांडा आणि टोकाला एकच गुलाबी फूल, एवढाच त्याचा संसार. फिनलंडमधील १९५६ साली स्थापन झालेल्या ओउलांका राष्ट्रीय उद्यानाने हेच फूल आपले बोधचिन्ह म्हणून निवडले आहे. कॅलिप्सोला जुन्या अरण्याची सावली व ओल लागते. सरसकट वृक्षतोड झाली की ते नाहीसे होते. ओलंडच्या ऑर्किडाला झुडपे तोडणारी कुऱ्हाड उपकारक, तर कॅलिप्सोला तीच मारक. संरक्षणाचा एकच नियम सर्व ठिकाणी लागू करता येत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

वाट सर्वांची, फूल मात्र रानाचे

स्वीडनमध्ये 'सर्वांचा हक्क' या नावाने ओळखली जाणारी एक जुनी परंपरा आहे. घर, अंगण व उभे पीक सोडून कोणाच्याही मालकीच्या रानातून चालण्याची, तेथे रानबोरे व अळंबी गोळा करण्याची मुभा प्रत्येकाला असते. १९९४ साली या परंपरेचा उल्लेख देशाच्या राज्यघटनेतही करण्यात आला. तिचे सार दोन गोष्टींत सांगितले जाते : कोणाला त्रास देऊ नये आणि कशाचीही नासधूस करू नये. ऑर्किडांच्या सर्व जातींना मात्र देशभर कायद्याचे संरक्षण असून त्या खुडणे अथवा खणणे हा अपराध ठरतो. शिवाय देशोदेशींच्या वन्य वनस्पतींच्या व्यापाराचे नियमन करणारा जो आंतरराष्ट्रीय करार १९७५ मध्ये अमलात आला आणि ज्यात भारत १९७६ पासून सहभागी आहे, त्याच्या परिशिष्टांत संपूर्ण ऑर्किड कुळाचा समावेश आहे. म्हणून रानातील रोप आठवण म्हणून सामानात घालणाऱ्या प्रवाशाला सीमेवरही जाब द्यावा लागू शकतो. त्याने घरी न्यावयाची वस्तू एकच, ती म्हणजे छायाचित्र.

छायाचित्र घेताना

छायाचित्रही निष्काळजीपणे घेतल्यास अपाय होतो. बहुतेक फुले वीतभर उंचीची असल्याने छायाचित्रकाराला गुडघ्यावर बसावे अगर पालथे झोपावे लागते. ज्या फुलाकडे त्याचे लक्ष असते त्याच्या भोवती न फुललेली रोपे आणि जमिनीखाली वाढणारे कोंब असतात. ते त्याच्या वजनाने चिरडले जातात. अनुभवी मंडळी प्रथम उभ्यानेच चहूबाजूंनी पाहून घेतात, रुळलेल्या वाटेच्या कडेचे फूल निवडतात आणि गुडघा, कोपर व कॅमेऱ्याची तिवई कोठे टेकणार याची खात्री करूनच खाली बसतात. चित्रात आडवे येणारे गवत उपटण्याऐवजी ते हलकेच बाजूला धरून नंतर सोडून देतात. ते गवतच फुलाला ऊन, वारा व चरणाऱ्या जनावरांपासून आडोसा देत असते.

प्रकाशाच्या बाबतीत उत्तरेकडील प्रदेश छायाचित्रकाराला अनुकूल आहे. उन्हाळ्यात तेथे सूर्य क्षितिजालगत दीर्घकाळ रेंगाळतो. आर्क्टिक वृत्तापलीकडील अबिस्को येथे तर मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत तो मावळतच नाही. भर दुपारच्या कडक उन्हापेक्षा तिरपा, सौम्य प्रकाश किंवा ढगाळ आभाळ फुलांचे रंग अधिक प्रामाणिकपणे दाखविते. वारा पहाटे कमी असतो, म्हणून तो वेळ उत्तम. जवळून चित्र घेण्याचे भिंग असल्यास चांगले. साध्या फोनच्या कॅमेऱ्यानेही ओळख पटण्याजोगे चित्र मिळू शकते. मात्र एकच चित्र पुरत नाही. संपूर्ण रोप, जमिनीलगतची पाने, फुलाचा ओठ समोरून, फुलामागील नळी बाजूने आणि भोवतालचा परिसर अशी पाच चित्रे घेतल्यास जात निश्चित करणे अभ्यासकाला सुलभ होते.

आणखी एका गोष्टीचे भान आज ठेवावे लागते. फोनने घेतलेल्या चित्रात बहुधा त्या जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. दुर्मिळ ऑर्किडाचे असे चित्र सर्वांसाठी प्रसिद्ध करणे म्हणजे ते खणून नेणाऱ्यास वाट दाखविण्यासारखे होय. म्हणून नागरिकांनी पाठविलेल्या वन्यजीव-नोंदी गोळा करणाऱ्या संस्था धोक्यातील जातींची नेमकी जागा झाकून ठेवतात. प्रवाशानेही जाहीर करताना केवळ प्रांताचे अगर बेटाचे नाव द्यावे आणि अचूक ठिकाण संबंधित अभ्यासकांनाच कळवावे.

सह्याद्रीच्या सड्यांसाठी धडा

ओलंडच्या पठाराचे वर्णन वाचताना सातारा जिल्ह्यातील कासच्या पठाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. खडक वेगळा, तेथे चुनखडी तर येथे जांभा. परंतु मातीचा पातळ थर, हंगामी पाणी, झाडांचा अभाव आणि काही आठवड्यांचा पुष्पोत्सव हे साम्य ठळक आहे. आपल्या सड्यांवरही पावसाळ्यात हबेनारिया वर्गातील पांढऱ्या फुलांची भूआमरी उगवते व हिवाळ्यापूर्वी कंदरूपाने जमिनीत दडून बसते. पश्चिम घाटाचा भाग म्हणून कासचा २०१२ साली जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. गर्दीचा ताण ओळखून तेथे प्रवेश शुल्क व पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा ठरविण्यात आली आणि व्यवस्थेत परिसरातील गावांच्या समित्यांना सहभागी करून घेण्यात आले.

परंतु सडे केवळ कासलाच नाहीत. कोकणात व घाटमाथ्यावर कित्येक गावांच्या शिवारात असे माळ आहेत, ज्यांची गणना पडीक जमिनीत होते. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. गावच्या माळावर कोणत्या महिन्यात कोणते फूल उमलते, तेथे गुरे केव्हा चरतात, गवत केव्हा कापले जाते, या गोष्टी जाणत्या गुराख्याला आणि गवत कापणाऱ्या बाईला तोंडपाठ असतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह त्या विचारून घ्याव्यात, फुलांची चित्रे वाटेवरूनच घ्यावीत आणि दरवर्षी पहिल्या फुलाची तारीख लिहून ठेवावी. दुर्मिळ फुलाची नेमकी जागा समितीपुरती मर्यादित ठेवावी. माळावर मुरूम काढणे, इमारत बांधणे अथवा झाडे लावणे असा एखादा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा त्या जमिनीवर काय उगवते हे ही नोंदवही उघडून सदस्यांना पाहता येईल.